प्रोग्राम लिहिताना ≤, √, ∈ सरळ का लिहू नयेत? आणि आकृत्यांचं काय?

गोदाकाठ (परभणी)
मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला सी आणि पायथन शिकवते. वर्गात बरीच पोरं मराठी माध्यमातली, जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडून येणारी. गणित चांगलं आहे त्यांचं. ≤, ≠, √, ∈, ∴ ही चिन्हं शाळेपासून हाताखालून गेलेली. आणि मी पहिल्याच आठवड्यात सांगते की इथं ≤ काढायचं नाही, आधी < आणि मग =. ≠ चं तर विचारूच नका. सी आणि पायथनमध्ये !=, एसक्यूएल आणि एक्सेलमध्ये <>, मॅटलॅबमध्ये ~=, हास्केलमध्ये /=. गणितात मात्र ते परभणीपासून पॅरिसपर्यंत एकच आहे.

परवा एकानं सी मध्ये अट लिहिली: ० < क्ष < १०. वहीत अगदी बरोबर. कंपायलरनंही (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) तो चालू दिला. पण उत्तर कायम 'खरं'! क्ष ला ५०० दिले तरी खरं. कारण सी आधी ० < क्ष तपासतं, त्याचं उत्तर ० किंवा १ येतं, आणि मग ते १० पेक्षा लहान आहे का बघतं. ते तर असणारच. दुसऱ्या मुलीनं दोनाचा घन म्हणून २^३ लिहिलं, उत्तर १ आलं, कारण तिथं ^ म्हणजे घात नाही, एक्सॉर आहे, म्हणजे दोन संख्यांचे ०-१ चे अंक ताडून जिथं वेगळे तिथं १ ठेवणारी क्रिया. ती बिचारी मलाच विचारते, मॅडम माझं गणित चुकलं का?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. व्हाइल, रिटर्न हे शब्द या पोरांना परके आहेत, चिन्हं मात्र त्यांची स्वतःची आहेत. जे येतं तेच आपण त्यांच्या हातून काढून घेतो. आता युनिकोड आहे, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आणि चिन्हांना संगणकात ठरलेली जागा आहे, मग भाषांनी खरी चिन्हं का घेऊ नयेत? आणि तिथंच का थांबायचं, अख्खा प्रोग्रामच आकृतीनं का लिहू नये? अनुभव सांगा. विरोध असेल तर तोही मोकळेपणानं लिहा.

बालाघाट
कीबोर्डवर ≤ कुठंय, मॅडम? ते दाखवा, बाकी सगळं मान्य.

तेरणाकाठ (मु. पुणे, गाव धाराशिव)
बालाघाट, एका ओळीत सगळा इतिहास सांगितलात. चिन्हं गेली ती माणसाला जड जात होती म्हणून नाही, यंत्रावर नव्हती म्हणून.

फोरट्रान ही भाषा १९५७ साली आली. नावातच सूत्राचं भाषांतर करण्याचा वायदा आहे. पण पंच कार्डाच्या (भोकं पाडून प्रोग्राम लिहायच्या पुठ्ठ्याच्या) अक्षरसंचात < आणि > नव्हतेच. म्हणून पुढं 'पेक्षा लहान' साठी दोन ठिपक्यांच्या मध्ये एलटी अशी अक्षरं लिहायची पद्धत पडली. अल्गोल ६० या भाषेच्या मंडळींना हे पटलं नव्हतं. त्यांनी भाषेची व्याख्याच ≤, ≠, ∧, ∨, × ही खरी चिन्हं वापरून केली आणि प्रत्यक्ष यंत्रावर ज्याला जसं जमेल तसं उतरवा म्हणून सांगितलं. झालं असं की प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. १९६३ च्या आस्कीत, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, डावीकडचा आणि वरचा बाण होते, १९६७ च्या आवृत्तीत ते जाऊन त्या जागी _ आणि ^ आले. मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला ज्या ^ नं छळलं तो तिथून आलेला.

आज मात्र कीबोर्डची सबब टिकत नाही. ज्युलिया या भाषेत (२०१२) उलटी तिरकी रेघ, मग एल-ई टाइप करून टॅब दाबा, ≤ उमटतं. √२ चालतं, ∈ चालतं, ० < क्ष < १० चा अर्थ वहीतलाच लागतो. २ आणि क्ष शेजारी लिहिले तर गुणाकारही होतो. लीन आणि अॅग्डा या सिद्धता तपासणाऱ्या भाषांमध्ये तर चिन्हांशिवाय पान हलत नाही. उलट बाजूही सांगतो. सन कंपनीच्या फोर्ट्रेस भाषेत प्रोग्राम छापील गणितासारखा दिसावा अशी धडपड होती, मागं गाय स्टीलसारखा माणूस होता, तरी २०१२ मध्ये ते काम थांबलं. नुसत्या चिन्हांच्या जोरावर भाषा उभी राहत नाही.

अजिंठेकर
चिन्हांचा विषय निघाला आणि एपीएल या भाषेचं नाव नाही, असं कसं चालेल!

केनेथ आयव्हर्सननं ही लेखनपद्धत आधी फळ्यावर गणित समजावायला केली. १९६२ मध्ये पुस्तक आलं, संगणकावर ती नंतर चालली. आयबीएमच्या टंकयंत्रात अक्षरांचा गोळा असायचा, एपीएलसाठी तो गोळाच वेगळा बनवला. म्हणजे बघा, इथं भाषेनं कीबोर्डापुढं मान तुकवली नाही, कीबोर्ड भाषेसाठी बदलला.

एक ओळ दाखवतो: +/⍳१००

⍳१०० म्हणजे १ ते १०० या संख्यांची रांग. +/ म्हणजे त्या रांगेत प्रत्येक दोन संख्यांच्या मध्ये अधिक घाला. उत्तर ५०५०. चल नाही, लूप नाही, कंस नाही. + काढून × ठेवा, शंभराचा क्रमगुणित मिळतो. ⌈ ठेवा, सगळ्यांत मोठी संख्या मिळते. ही गंमत शब्दांत पकडता येत नाही, कारण डोळ्याला एकदम दिसतं की रचना तीच आहे, फक्त क्रिया बदलली. आयव्हर्सनला १९७९ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं तेव्हा त्यानं व्याख्यानच यावर दिलं की लेखनपद्धत हे विचार करायचं साधन आहे. मला ते मनापासून पटतं. चांगलं चिन्ह असलं की जे आधी सुचत नव्हतं ते सुचायला लागतं.

बालाघाट
तो ⍳ बघून मला वाटलं स्क्रीनवर मुंगी बसली, पुसून बघितलं 😀

पण अजिंठेकर, हेही सांगा की एपीएलमध्ये २×३+४ चं उत्तर १४ येतं. उजवीकडून सुरुवात, गुणाकाराला आधीचा मान नाही. आणि तेरणाकाठ, तुमच्या ज्युलियात ७÷२ केलं तर ३ येतात, साडेतीन नाही. म्हणजे चिन्ह शाळेतलं आणि नियम यंत्राचा. मॅडमचं पोरगं इथंही अडकणारच की. माझ्या मते ओळखीच्या चिन्हाला अनोळखी अर्थ देण्यापेक्षा अनोळखी चिन्ह बरं. != बघून निदान 'हे काहीतरी नवीन आहे, विचारावं' असं तरी वाटतं.

गोदाकाठ
बालाघाट, मुद्दा वजनदार आहे. पण मग त्याच न्यायानं = चं काय? सगळ्यांत ओळखीचं चिन्ह, आणि क = क + १ लिहायला लावून त्याचा अर्थ आपणच पालटला. अल्गोलनं निदान := ठेवलं होतं. नियम बदलायचा नाही असं ठरवायचं तर सुरुवात तिथून व्हावी.

वाळूजकर
मॅडमनी आकृतीचं विचारलं आणि कुणी बोलंना, म्हणून मी लिहितो. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला. तुमच्यातल्या कुणाला पटो न पटो, मी रोज प्रोग्राम वाचतो, आणि तो आकृतीतच असतो. लॅडर म्हणतात त्याला.

डावीकडं एक उभी रेघ, उजवीकडं एक, मध्ये आडव्या पायऱ्या. दोन छोट्या उभ्या रेघा म्हणजे एनओ कॉन्टॅक्ट, एरवी उघडा असतो तो. त्यावर तिरकी रेघ मारली की एनसी, एरवी जोडलेला. पायरीच्या शेवटी कंसासारखी कॉइल, म्हणजे जे चालू करायचं ते. स्टार्टचा एनओ, पुढं स्टॉपचा एनसी, मग मोटरची कॉइल, आणि स्टार्टच्या खाली समांतर त्याच मोटरचा कॉन्टॅक्ट, म्हणजे बटण सोडलं तरी मोटर धरून राहती. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला डीओएल स्टार्टरची (मोटर थेट सप्लायवर चालू करायच्या पेटीची) वायरिंग हातानं केलेली असती, तीच आकृती. शिकवायला काही उरतच नाही.

रात्रपाळीत मशीन थांबलं की काय करतो ते सांगतो. लॅपटॉप लावायचा, ऑनलाइन जायचं. जिथपर्यंत सप्लाय पोचला तिथपर्यंत पायरी रंगीत होती. समजा क्लॅम्पच्या पायरीवर तीन कॉन्टॅक्ट रंगले आणि चौथा पांढराच. वर नाव लिहिलेलं, दरवाजाचा लिमिट स्विच. जाऊन बघायचं, धातूची चिप अडकलेली असती नाहीतर वायर तुटलेली. लाइन सुरू. इंग्रजीत एक वाक्य वाचावं लागलं नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १९६८-६९ मध्ये अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यातली रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचांची) कपाटं काढून पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, बसवायचं ठरलं, डिक मॉर्ली आणि त्याच्या मंडळींनी मॉडिकॉन ०८४ बनवला. तेव्हा प्रोग्राम इलेक्ट्रिशियनलाच बघावा लागणार हे माहीत होतं, म्हणून त्याचीच ड्रॉइंग घेतली. म्हणून मला वाटतं, चिन्ह चांगलं का वाईट हे सांगताना आधी बघावं की रात्री दोन वाजता ते वाचणार कोण आहे.

शेंद्रा_पीएलसी
वाळूजकर भाऊ, डिजिटल (नुसत्या चालू-बंदच्या) इनपुट-आउटपुटला लॅडरसारखं काही नाही, पूर्ण मान्य. पण मी हेच प्रोग्राम लिहितो, त्यामुळं दुसरी बाजू मांडतो. तापमानाच्या दहा रीडिंगची सरासरी लॅडरमध्ये काढून बघा. बेरजेचा चौकोन, त्याचं उत्तर पुढच्या चौकोनात, मग भागाकाराचा चौकोन. पान भरतं, आणि मध्ये एखादा पत्ता चुकला तर दिसत नाही. तेच स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसीच्या मजकुराच्या भाषेत चार ओळी. आयईसी ६११३१-३ या मानकानं १९९३ मध्येच पाच भाषा शेजारी शेजारी ठेवल्या, त्यात चित्राच्याही आहेत आणि मजकुराच्याही. आम्ही इंटरलॉक (एक अट पुरी झाल्याशिवाय दुसरं चालू न देणारी रचना) लॅडरमध्ये ठेवतो, हिशोब टेक्स्टमध्ये.

दुसरी अडचण तुलनेची. काल कुणी काय बदललं हे मजकुरात लगेच काढता येतं. आकृतीत कुणी चौकोन नुसता बाजूला सरकवला तरी बदल झाला म्हणून दाखवतं, आणि खरा बदल त्यात हरवतो.

चित्र म्हणजे वाचायला सोपं, हे गृहीत धरू नका एवढंच. टी. आर. जी. ग्रीन आणि मॅरियन पेट्री यांनी १९९२ मध्ये लॅबव्ह्यू या आकृत्यांनी प्रोग्राम लिहायच्या भाषेतल्या आकृत्या आणि मजकूर दोन्ही लोकांना वाचायला दिले. लॅबव्ह्यूत मुरलेल्यांनासुद्धा आकृती वाचायला जास्त वेळ लागला.

वाळूजकर
सरासरीचं बरोबर आहे साहेब. तो भाग आम्ही उघडतच नाही, तुम्हालाच फोन करतो.

मुनीम_लातूर
विषयाला थोडा फाटा फोडतो. आमच्या घरात गूळ-डाळींची आडत. आजोबांच्या वह्यांमध्ये साडेतीन हे ३॥ असं लिहिलेलं असायचं, सव्वातीन ३। आणि पावणेचार ३॥। असं. एक उभी रेघ म्हणजे पाव. ना अंश, ना छेद, ना दशांश चिन्ह. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. सतरा दिडी साडेपंचवीस हे दिवाणजी काटा हलायच्या आत सांगायचे. ज्या अपूर्णांकात व्यवहार व्हायचा त्यालाच चिन्ह होतं, बाकीच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. युनिकोडमध्ये या रेघांना २००९ पासून स्वतःची जागा आहे, U+A८३० पासून पुढं, हे मला पोरानं दाखवलं तेव्हा फार आनंद झाला.

अजिंठेकर
मुनीमजी, मग मीही फाट्यावरून थोडं पुढं जातो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं उदाहरण घ्या. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण १०० रुपये कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? मांडणी अशी व्हायची:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० वर एक टिंब, कारण ते ऋण आहे. या म्हणजे यावत्तावत्, अज्ञात संख्या. आणखी अज्ञात असले तर कालक, नीलक, म्हणून का, नी. रू म्हणजे ज्ञात संख्या. बरोबरचं चिन्ह नाहीच, रॉबर्ट रेकॉर्डनं = छापलं १५५७ मध्ये. इथं एकाखाली एक ओळ आली की त्या सारख्या आहेत असं समजायचं. जागाच चिन्हाचं काम करते! वजाबाकी करा, ४ या बरोबर ४००, घोडा १०० चा.

म्हणजे १२ व्या शतकात आपल्या शेजारी अक्षर, टिंब आणि मांडणी तिन्ही एकत्र वापरली जात होती. मजकूर का आकृती असा झगडा त्यांना पडलाच नव्हता. मला वाटतं आपणही तो इतका ताणू नये.

हळदीचं_शेत (हिंगोली)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सहावी-सातवीला स्क्रॅच घेतो, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा. खरं-खोटं सांगणारा ठोकळा षटकोनी, संख्या देणारा गोलसर, आणि 'जर'च्या ठोकळ्यात षटकोनी खाच. चुकीचा ठोकळा त्यात बसतच नाही. पोरं अर्धविराम विसरत नाहीत, कारण तो नाहीच. इंग्रजी कच्चं असलेली पोरं पहिल्या तासाला पडद्यावरचं मांजर पळवतात, त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड बघण्यासारखा असतो.

पण शेंद्रा_पीएलसी म्हणतात तसंच आमच्याकडंही होतं. खेळ मोठा झाला की ठोकळ्यांचा मनोरा स्क्रीनच्या बाहेर जातो, आणि कोणता कुठं लावला ते शोधण्यातच तास संपतो. हुशार पोरं त्या टप्प्यावर स्वतःहून विचारतात, सर, हे लिहिता येतं का? तेव्हा मी टायपिंगकडं नेतो. त्याआधी नेलेलं मला बरोबर वाटत नाही.

काठीवाला
मला दिसत नाही. नांदेडला कार्यालयात काम करतो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) वापरून पायथन लिहितो. वर सगळ्यांनी 'डोळ्याला एकदम दिसतं' असं लिहिलं म्हणून मुद्दाम लिहितोय.

मजकूर आहे म्हणून मी या धंद्यात आहे. ओळ आली की माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए वाचतो, बाण दाबला की एकेक अक्षर सांगतो, किती आत सरकवलंय तेही बोलतो. आकृतीचा प्रोग्राम समोर आला की बहुतेक वेळा मला फक्त खिडकीचं नाव ऐकू येतं. चिन्हांबद्दल माझी तक्रार नाही. ≤ तो नीट उच्चारतो, आणि तो < मग = पेक्षा लवकर होतो. अडचण ⍳ सारख्या अनवट चिन्हाची. आवाजाला ते माहीत नसलं तर तो गप्प राहतो, आणि मला तिथं काही आहे हेच कळत नाही. म्हणून चिन्ह घ्या, आकृती घ्या, पण प्रत्येक चिन्हाला बोलता येणारं नाव असू द्या आणि प्रत्येक आकृतीच्या मागं वाचता येणारा मजकूर असू द्या. फोनवर कोड समजावून सांगायचा असेल तर डोळसांनाही तेच लागतं.

तेरणाकाठ
काठीवाला भाऊ, हा या धाग्यातला सगळ्यांत कामाचा प्रतिसाद. ज्युलियाच्या पद्धतीत ते अंशतः साधलंय. प्रत्येक चिन्हाला टाइप करायचं नाव आहे, तेच बोलायलाही वापरता येईल.

सीताफळ (बीड)
सुरक्षेचं कुणी बोललं नाही. युनिकोड पूर्ण उघडलं की दिसायला सारखी पण वेगळी अक्षरं आत येतात. रशियन लिपीतला ए आणि इंग्रजी ए डोळ्याला एकच दिसतात, कंपायलरला दोन. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ट्रोजन सोर्स म्हणून दाखवलं की उजवीकडून डावीकडं लिहायच्या लिपींसाठीची अदृश्य चिन्हं घालून कोड असा मांडता येतो की तपासणाऱ्याला एक दिसतं आणि यंत्र दुसरंच चालवतं. त्यानंतर कंपायलर आणि कोड लिहायच्या एडिटरांनी इशारे द्यायला सुरुवात केली.

एवढं लांब कशाला, नोट्सच्या पीडीएफमधून कोड चिकटवला की वजाबाकीच्या जागी लांब रेघ येते आणि पायथन अवैध अक्षर म्हणून थांबतो. माझा आग्रह असा की ≤, ≠, ∈, √ अशी मोजकी, ठरलेली चिन्हं घ्यावीत. दार सताड उघडू नये.

ज्यांना नुसतं बघायला हवंय त्यांच्यासाठी फिरा कोडसारखे फॉन्ट आहेत. फाइलमध्ये != च राहतं, पडद्यावर ≠ दिसतं.

बालाघाट
फॉन्टचा उपाय शिकणाऱ्यांना नको. पडद्यावर ≠ बघणार आणि परीक्षेत पेपरवर ≠ च लिहून येणार, मग मार्क कापणार कोण? मॅडमच.

गोदाकाठ
मार्क मी कापणार नाही, बालाघाट! पण पेपर बाहेर तपासायला गेला तर माझं काही चालत नाही, म्हणून तुमची सूचना रास्त आहे.

सगळं वाचून माझं मत पक्कं झालं, पण थोडं आटोपशीर झालं. सीताफळ म्हणतात तशी मोजकी चिन्हं, शाळेतल्याच अर्थानं, आणि काठीवाला म्हणतात तसं प्रत्येकाला नाव, एवढं भाषांनी द्यावं यावर मी ठाम आहे. येत्या सत्रात प्रयोगशाळेत पहिले काही तास ज्युलिया घेईन, ÷ चा इशारा देऊन. मग सी कडं जाताना ० < क्ष < १० हेच उदाहरण पहिल्याच दिवशी फळ्यावर घेईन, दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवून. पोरांना कळू दे की गणित त्यांचं बरोबर आहे, भाषेची वाचायची रीत वेगळी आहे.

आकृतीच्या बाबतीत वाळूजकर भाऊंना विचारते. आमच्या पोरांना ते रंगणारं लॅडर प्रत्यक्ष दाखवता येईल का? इलेक्ट्रिकल शाखेकडं एक पीएलसी आहे, पण कपाटात बंद.

वाळूजकर
कंपनीत आत आणायला परवानगी लागती, ते जमेल न जमेल. त्यापेक्षा तुमचा पीएलसी कपाटातून काढा, मॅडम. दोन पुश बटणं, एक लिमिट स्विच आणि २४ व्होल्टचा दिवा एवढं सामान मी घेऊन येतो. एखाद्या रविवारी परभणीला येईन. पोरांनी आधी कागदावर स्टार्ट-स्टॉपची आकृती काढून ठेवावी, मग आपण तीच स्क्रीनवर चढवू आणि एक वायर मुद्दाम काढून ठेवू. कुठली काढली ते त्यांनी लॅडर बघून सांगायचं.

काठीवाला
मी नांदेडहून येतो त्या दिवशी. पीएलसीचं मॉडेल कोणतं आहे तेवढं कळवा. त्याच्या सॉफ्टवेअरमधून लॅडर मजकूर म्हणून बाहेर काढता येतो का ते आधी बघून ठेवतो, म्हणजे तुटलेली वायर मलाही शोधता येईल.